आकडा कोणता खरा, हे ठरवणार कोण?

एखाद्या संस्थेने आपला डेटा प्लॅटफॉर्म, म्हणजे सगळा डेटा साठवायची आणि वापरायची यंत्रणा, नव्याने उभारायचं ठरवलं की पहिल्या बैठकीत पहिला प्रश्न निघतो तो साधनाचा. स्नोफ्लेक घ्यायचं की डेटाब्रिक्स? बिगक्वेरी का नको? सगळं एकाच क्लाउडवर न्यायचं की दोन क्लाउडवर? यावर महिनोन्महिने खल चालतो, तुलनेचे तक्ते होतात, विक्रेत्यांची सादरीकरणं होतात. करारावर सह्या झाल्या की मग कुणाला तरी आठवतं की डेटा आर्किटेक्ट, म्हणजे डेटाची रचना आणि नियम आखणारा माणूस, नेमायचा राहूनच गेला. तो येतो तोवर बजेट ठरलेलं असतं, गो-लाइव्हची, म्हणजे नवी यंत्रणा प्रत्यक्ष सुरू होण्याची, तारीख वरिष्ठांनी जाहीर करून टाकलेली असते. त्याच्याकडून अपेक्षा एवढीच, की आता या सगळ्याची एक छान आकृती काढून दे.

हा क्रमच उलटा आहे. साधनाची निवड बिनमहत्त्वाची आहे असं मी म्हणत नाही. पण मोठ्या प्लॅटफॉर्ममधला फरक कमी होत चालला आहे, पार्के आणि आइसबर्गसारखे डेटा साठवण्याचे खुले फॉरमॅट आता बहुतेक सगळेच वाचतात, आणि साधन चुकलंच तर पैसे मोजून ते बदलता येतं. डेटाचा अर्थ चुकला तर तो पगारात, दंडात, नियामकाला दिलेल्या विवरणपत्रांत मुरतो, आणि पुढे त्याला हात लावायला कुणी धजत नाही. म्हणून आर्किटेक्टकडे खरोखर नेतृत्व द्यायचं असेल तर त्याला दोन अधिकार द्यावे लागतील. कोणत्या आकड्याचा अर्थ काय, हे संबंधितांकडून लेखी ठरवून घेण्याचा, आणि जुनी यंत्रणा बंद करवण्याचा. हे दोन नसतील तर ते पद शोभेचं आहे.

संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा तक्त्यांत मांडण्याची पद्धत, मांडली, त्यामागचा एक हेतू असा होता की डेटा मशीनच्या पोटात कसा साठवलाय हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये. साठवणीची ती चिंता बरीचशी मिटली. अर्थाची मिटली नाही. २००६ मध्ये प्रचंड डेटा अनेक मशीनवर साठवणारं हडूप आलं, २०१०च्या सुमारास डेटा लेक हा शब्द पुढे आला, आणि एक मोहक कल्पना पसरली: आधी सगळं ओतून ठेवा, अर्थ नंतर वाचताना लावू. तो ‘नंतर’ अनेक ठिकाणी उगवलाच नाही. मग क्लाउडवरचं डेटाचं कोठार म्हणजे क्लाउड वेअरहाउस आलं, लेक आणि वेअरहाउस एकत्र करणारं लेकहाउस आलं, २०१९ मध्ये डेटाची मालकी विभागांत वाटणारं डेटा मेश आलं. दर वेळी सामान नव्या जागी हललं आणि न उघडलेली खोकी तशीच सोबत गेली.

त्या खोक्यांत असतं काय, हे जरा जवळून पाहू. कल्पनेतली एक विमा कंपनी घ्या. जुन्या यंत्रणेवर दर महिन्याला एक रिपोर्ट निघतो: चालू पॉलिसी किती. नवा प्लॅटफॉर्म उभा राहिला, दोन्ही यंत्रणा शेजारी शेजारी चालवून आकडे ताडून पाहायचं काम सुरू झालं. जुना रिपोर्ट म्हणतो ४,१२,३०६. नवा म्हणतो ४,०९,८७१. फरक २,४३५, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. प्रकल्पाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, एवढं चालतं हो, जुन्या डेटात घाण असतेच.

पण खोदून पाहिलं तर हा एक फरक नाही, दोन आहेत, आणि ते एकमेकांच्या उलट दिशेने ओढताहेत. पहिला असा: हप्ता थकला आणि सवलतीची मुदतही उलटली तरी जुनी यंत्रणा ती पॉलिसी महिनाअखेरच्या रात्रीच्या बॅचपर्यंत, म्हणजे सगळ्या नोंदींवर एकगठ्ठा चालणाऱ्या प्रक्रियेपर्यंत, चालूच धरते, आणि रिपोर्ट त्या बॅचच्या आधी निघतो. नवी यंत्रणा मुदत उलटली त्याच दिवशी पॉलिसी बंद धरते. त्यामुळे नव्या आकड्यातून २,८०१ पॉलिसी गळाल्या. दुसरा फरक आणखी मजेदार. शेऱ्याच्या दुसऱ्या रकान्यात ‘झेडझेड’ने सुरू होणारी नोंद असेल तर जुना रिपोर्ट ती पॉलिसी मोजतच नाही. का? तर यंत्रणा सुरू झाली तेव्हाच्या चाचणी-नोंदींना ती खूण लावलेली होती. पुढे चाचणीच्या नोंदी कधीच पुसल्या गेल्या, पण वादात अडकलेल्या पॉलिसी ओळखू याव्यात म्हणून एका शाखेने तीच खूण वापरायला घेतली. अशा ३६६ खऱ्याखुऱ्या पॉलिसी वर्षानुवर्षं मोजल्याच गेल्या नव्हत्या. नव्या रिपोर्टने त्या मोजल्या. २,८०१ वजा ३६६, म्हणजे २,४३५.

आता प्रश्न कोणता आकडा बरोबर हा नाही. तो सोपा आहे. कोणता आकडा बरोबर मानायचा हे सांगणार कोण, इथे घोडं पेंड खातं. विक्री विभागाचं उत्तेजन-वेतन चालू पॉलिसींच्या संख्येवर ठरतं, त्यांना २,८०१ कमी झालेल्या नको आहेत. जोखमीचा हिशेब करणाऱ्या ॲक्चुअरीला बंद पडलेली पॉलिसी बंदच दिसायला हवी. अनुपालन विभाग घाबरलेला आहे, कारण इतकी वर्षं नियामकाकडे जुना आकडा गेलाय आणि आता अचानक नवा पाठवला तर खुलासा द्यावा लागेल. आयटी म्हणते, हा धंद्याचा प्रश्न, आम्हाला फक्त नियम द्या. धंदेवाले म्हणतात, हा तर मायग्रेशनचा, डेटा नव्या यंत्रणेत हलवण्याचा घोळ, आयटीने निस्तरावा. सगळ्यांचे हात वर, आणि गो-लाइव्ह तीन आठवड्यांवर.

अशा वेळी जे होतं ते फार शांतपणे होतं. एक हुशार डेव्हलपर रात्री बसून क्वेरीमध्ये, म्हणजे डेटा मागवणाऱ्या आज्ञेत, एक ‘केस व्हेन’ची अट घालतो, झेडझेड वगळतो, मुदतीची अट महिनाअखेरपर्यंत पुढे ढकलतो, आणि सकाळी नवा रिपोर्टही ४,१२,३०६ दाखवतो. आकडे जुळले म्हणून बैठकीत टाळ्या. जुन्या यंत्रणेतली चूक कोट्यवधी खर्चून नव्या यंत्रणेत जशीच्या तशी आणली गेली, वर ती चूक आहे हे सांगू शकणारं जुनं ज्ञानही मागेच राहिलं. मी त्या डेव्हलपरला दोष देणार नाही. निर्णय घ्यायचा अधिकार ज्यांना होता त्यांनी तो घेतला नाही, म्हणून तो त्याच्या कीबोर्डवर येऊन पडला.

आर्किटेक्टचं नेतृत्व लागतं ते इथे. चालू पॉलिसी म्हणजे काय हे त्याने स्वतः ठरवायचं नाही. तो काही विम्याचा जाणकार नाही. पण विक्री, ॲक्चुअरी आणि अनुपालन या तिघांना एका खोलीत बसवून, फरकाचे दोन तुकडे आकड्यांसह समोर ठेवून, ‘या व्याख्येची मालकी अमुक पदाकडे, ती अमुक तारखेपासून लागू’ असं सहीनिशी घेतल्याशिवाय तो रिपोर्ट पुढे जाऊ देणार नाही, असं म्हणायची ताकद त्याच्याकडे हवी. कदाचित दोन आकडे ठेवावे लागतील, दोन वेगळ्या नावांनी. त्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते एकाच नावाखाली दोन आकडे फिरू लागले की.

सरकारी सांख्यिकी खात्यांनी यावर फार पूर्वीच तोडगा काढलाय, आणि खासगी संस्थांनी तो उचलला नाही याचं मला नेहमी नवल वाटतं. मोजण्याची पद्धत बदलली की ती खाती नवा आकडा गुपचूप जुन्याच रांगेत बसवत नाहीत. युरोस्टॅटच्या तक्त्यांत अशा आकड्याशेजारी छोटं ‘बी’ अक्षर असतं: इथे मालिका तुटली आहे, याच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची सरळ तुलना करू नका. शक्य असेल तिथे मागच्या वर्षांचे आकडेही नव्या पद्धतीने पुन्हा काढून दिले जातात. प्लॅटफॉर्म बदलताना हीच शिस्त पाळली तर ‘जुन्याशी जुळलं पाहिजे’ हा हट्ट संपतो. त्याजागी फरकाचा हिशेब येतो. किती फरक, कशामुळे, आणि तो कुणी मान्य केला, एवढं समजलं की ताडणीचं काम पूर्ण. फरक शून्यावर आणणं हे ताडणीचं उद्दिष्टच नव्हे.

हे सगळं बाहेरच्या सल्लागार कंपनीवर सोपवता येईल का? हात आणि डोकी भाड्याने जरूर घ्यावीत, पण निर्णयाची जबाबदारी भाड्याने देता येत नाही. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेचं प्रकरण यासाठी पुन्हा पुन्हा वाचण्यासारखं आहे. एप्रिल २०१८ मध्ये या बँकेने लॉइड्स बँकेच्या जुन्या यंत्रणेवरून, तेव्हा मालक असलेल्या स्पेनच्या साबाडेल समूहाच्या नव्या यंत्रणेवर आपला कारभार हलवला. ग्राहक ५२ लाख. त्यातल्या १९ लाखांपर्यंत लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना, आणि कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. नुकसानभरपाई ३ कोटी २७ लाख पाउंड गेली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पाउंडांचा दंड ठोठावला.

यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट दंडाची रक्कम नाही. डेटा स्वतः व्यवस्थित हलला होता, हे नियामकांनीच नोंदवलंय. कोसळली ती त्यावर उभी राहिलेली नवी यंत्रणा. आणि पुढे २०२३ मध्ये बँकेच्या तत्कालीन मुख्य माहिती अधिकाऱ्याला व्यक्तिशः ८१,६२० पाउंड दंड झाला, तो पुरवठादार खरोखर तयार आहे की नाही याची पुरेशी खातरजमा न केल्याबद्दल. पुरवठादार तर त्याच समूहातला होता. घरचाच म्हणून तपासणी सैल सोडायची नाही, हा त्याचा सरळ अर्थ. ‘व्हेंडरने सांगितलं तयार आहे’ हे वाक्य प्रकल्पाच्या अहवालात रोज लिहिलं जातं. त्याची किंमत किती असू शकते ते इथे पाउंडांत मोजून मिळतं.

दुसरं प्रकरण छोट्या चुकीचं आहे, म्हणून जास्त बोचतं. २०२० मध्ये सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना इंग्लंडमधल्या कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद रोजच्या आकडेवारीत आलीच नाही. प्रयोगशाळांकडून साध्या मजकूर-फाइली येत होत्या, त्या एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये ओढल्या जात होत्या, आणि त्या फॉरमॅटची मर्यादा ६५,५३६ ओळींची. एका रुग्णाच्या चाचणीला अनेक ओळी लागत, त्यामुळे एका फाइलीत सुमारे १,४०० रुग्णच मावत. पुढचे कापले गेले. या रुग्णांच्या संपर्कातल्यांचा शोध घ्यायलाही उशीर झाला.

लोक याला एक्सेलचा विनोद म्हणून सांगतात. मला तो सांध्याचा प्रश्न वाटतो. प्रयोगशाळेची फाइल बरोबर होती, शेवटचा डॅशबोर्डही बरोबर होता. मधला सांधा कुणाचाच नव्हता. किती ओळी निघाल्या आणि किती पोहोचल्या, एवढी मोजणी त्या सांध्यावर असती तर पहिल्याच दिवशी घंटा वाजली असती. आजकाल याला डेटा काँट्रॅक्ट असं भारदस्त नाव आहे. देणारा काय देणार, कोणत्या रचनेत, किती वाजेपर्यंत, आणि त्यात बदल करायचा असेल तर किती दिवस आधी कळवणार, हे दोन्ही बाजूंनी मान्य केलेलं असणं आणि ते पाळलं जातंय का हे मशीनने रोज तपासणं, एवढंच त्यात आहे. पण ते मान्य करवून घेणारा माणूस दोन्ही विभागांच्या वरचा लागतो. निदान दोघांनाही ऐकावं लागेल असा तरी.

संगणकतज्ज्ञ मेल्व्हिन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये म्हटलं होतं की संस्था ज्या यंत्रणा रचतात त्यांत त्या संस्थेतल्या संवादाचीच रचना उतरते. डेटाच्या बाबतीत हे जास्तच खरं आहे. जे दोन विभाग एकमेकांशी बोलत नाहीत त्यांची टेबलं एकमेकांना कधी जोडता येत नाहीत. डेटा मेशची मांडणी या दुखण्यावर नेमकं बोट ठेवते: ज्याचा डेटा त्याने तो सांभाळावा, इतरांना वापरता येईल अशा रूपात द्यावा. मला ती पटते. पण ती अंगीकारताना अनेक जण सोयीचा अर्धा भाग घेतात. मालकी वाटून टाकतात आणि सामायिक नियमांचा भाग विसरतात. मग आठ विभाग, आठ प्रकारचे ग्राहक क्रमांक. विकेंद्रीकरणाला नाव मेशचं असो की आणखी कशाचं, ग्राहक, तारीख, चलन, ठिकाण अशा मोजक्या गोष्टींवर एकच शिस्त सगळ्यांना बांधील असावी लागते. त्या मोजक्या गोष्टी निवडणं आणि त्यात आणखी एक घुसू न देणं, हे आर्किटेक्टचं काम. सगळंच प्रमाणित करायला निघालेला आर्किटेक्टही प्रकल्प बुडवतो.

दुसऱ्या अधिकाराकडे, म्हणजे बंद करण्याकडे, कुणाचं लक्षच नसतं. गो-लाइव्हला केक कापला जातो. जुना सर्व्हर मात्र ‘काही दिवस राहू दे, लागला तर’ म्हणून चालूच राहतो, आणि ते भिजत घोंगडं वर्षानुवर्षं पडून राहतं. कारण त्यावर कुठेतरी एक रिपोर्ट अजून चालतो, जो कोण वाचतं हे ठाऊक नाही, पण बंद केला तर कोण ओरडेल याची धास्ती आहे. परिणामी संस्था दोन्हीकडे पैसे भरते. जुन्याचा परवाना आणि देखभाल, नव्याचं वापरानुसार बिल. शिवाय दोन ठिकाणांहून दोन आकडे निघत राहतात आणि ज्याला जो सोयीचा तो त्याला उचलतो. ज्या कारणासाठी आधुनिकीकरण केलं ते कारणच उरत नाही.

पैशापेक्षा गंभीर बाब लोकांच्या हक्काची आहे. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याचं सतरावं कलम माणसाला, ठरावीक परिस्थितीत, आपली माहिती पुसून टाकायला लावण्याचा हक्क देतं. ती माहिती जुन्या वेअरहाउसमध्ये, नव्या लेकमध्ये, मधल्या टप्प्याच्या फाइलींत, चाचणीसाठी काढलेल्या प्रतीत आणि एका विश्लेषकाच्या लॅपटॉपवर असेल तर संस्था पुसणार काय आणि कुठून? मायग्रेशनच्या काळात प्रती भराभर वाढतात, कारण प्रत्येकाला हाताशी एक सुरक्षित प्रत हवी असते. त्यांची नोंद ठेवणं आणि ठरल्या दिवशी त्या नष्ट करवणं हे नीरस काम आहे, त्याचं सादरीकरण कुणी करत नाही. पण ज्यांची माहिती आहे त्यांना प्लॅटफॉर्मच्या नावाशी काही देणंघेणं नसतं. त्यांच्या दृष्टीने एवढंच काम महत्त्वाचं.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो खोटा नाही. आर्किटेक्टला एवढे अधिकार दिले की तो दोन वर्षं चौकोन आणि बाण काढत बसतो, समित्या नेमतो, सगळं आदर्श झाल्याशिवाय काहीच पुढे जाऊ देत नाही. असे लोक आहेत. उंटावरून शेळ्या हाकणारा आर्किटेक्ट विक्रेत्यापेक्षा जास्त नुकसान करू शकतो. म्हणून माझी त्याच्याकडूनही अट आहे: त्याला क्वेरी वाचता आली पाहिजे, ताडणीतले फरक त्याने स्वतः उलगडून पाहिले पाहिजेत, आणि त्याने संपूर्ण नकाशा आधी न मागता एकच धागा निवडून तो मूळ नोंदीपासून शेवटच्या रिपोर्टपर्यंत ओढून दाखवला पाहिजे. तो एक धागा पूर्ण झाला, जुन्यातला तेवढा तुकडा बंद झाला, की पुढचा. सगळं एका रात्रीत हलवण्याचा मोह टाळायचा असेल तर याशिवाय मार्ग नाही. वेग कमी वाटेल, पण बंद झालेल्या तुकड्यांची यादी दर तिमाहीत वाढताना दिसते, आणि ती कुणालाही तपासता येते.

हल्ली आणखी एक घाई आली आहे. प्लॅटफॉर्म झाला की त्यावर एआय बसवायचं, साध्या भाषेत प्रश्न विचारायचा, उत्तर मिळायचं. उत्तर मिळतंही. पण ‘चालू’ नावाचे तीन रकाने असतील तर मशीन त्यातला एक निवडतं आणि तो का निवडला हे न सांगता अगदी ठामपणे आकडा देतं. पूर्वी निदान एखादा जुना कारकून मान हलवून म्हणायचा, अहो, तो रकाना नका घेऊ. तो माणूस आता त्या वाटेवर भेटत नाही. व्याख्या लेखी नसतील तर मशीनला त्या कळण्याचा कुठलाच रस्ता नाही, आणि तिथे साधनाचा महागडेपणा कामाला येत नाही.

उरतो तो व्यवहाराचा प्रश्न: हा आर्किटेक्ट बसवायचा कुणाच्या हाताखाली? बहुतेक ठिकाणी तो मायग्रेशन प्रकल्पाच्या संचालकाच्या हाताखाली असतो, म्हणजे ज्याचं मूल्यमापन गो-लाइव्हच्या तारखेवर होतं त्याच्याच. तारीख अडवू शकणारा माणूस तारखेला बांधलेल्या माणसाच्या हाताखाली ठेवला की त्याचा ‘नाही’ बैठकीआधीच विरघळतो. त्याने थेट संचालक मंडळाच्या जोखीम किंवा लेखापरीक्षण समितीला, तेही प्रकल्पाच्या अहवालापासून वेगळा, अहवाल द्यावा: कोणत्या आकड्यांच्या व्याख्या अजून सहीविना आहेत, कोणते सांधे बिनमालकीचे आहेत, आणि जुन्यातलं काय ठरल्या दिवशी बंद झालं नाही. शिवाय जुनी यंत्रणा बंद करण्याचा खर्च मूळ बजेटमध्येच वेगळा बाजूला काढून ठेवावा आणि तो दुसरीकडे वळवायचा झाला तर आर्किटेक्टची सही लागावी. ज्या करारात ही तरतूद नाही तो करार करणाऱ्या संस्थेने जुन्या सर्व्हरचं पुढच्या पाच वर्षांचं भाडं त्याच कागदावर लिहून ठेवलेलं बरं.